हिरालालची कवळी

बालाघाट,
६ डिसेंबर १९६६

चि. सौ. चारू हिला नानांचे आशीर्वाद, गुणाकररावांना नमस्कार.

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. कारण विचारशील तर काही नाही. लिहायला बसलो की कंटाळा येतो, आणि न लिहिता बसलो की त्याचाही येतो. तुझी आई होती तोवर मागे लागून लिहवून घ्यायची. आता दुर्गाबाई स्वयंपाक करून जाते, तिला माझ्या पत्रांशी काय देणंघेणं!

आजचं काम दुसऱ्याचं आहे म्हणून उठून बसलो. आमच्या शेजारचे हिरालाल मास्तर तुला आठवत असतील, शाळेतून निवृत्त झालेले. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा ते नुकतेच शेजारी आले होते. त्यांची खालची कवळी सैल झाली आहे. गोंदियाला नात्यातल्याच एका माणसाने पाच-सहा वर्षांपूर्वी करून दिलेली. परवा चारचौघांत रामायण वाचताना चौपाईच्या मध्येच ती उचलली गेली आणि बिचाऱ्यांना खोकल्याचं सोंग करून उठावं लागलं. लोक हसले नाहीत, तेच जास्त लागलं म्हणतात. कवळी चिकटवून ठेवायची विलायती भुकटी मिळते असं त्यांच्या कानावर आलंय. जावईबापूंकडे असली तर एक डबा पाठव.

माझी कवळी उत्तम आहे, हे त्यांना जरूर सांग. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बसवली तशीच आहे.

तुझे
नाना

नागपूर,
१९ डिसेंबर १९६६

ती. नाना,
चारूचा नमस्कार.

डबा पार्सलने वेगळा पाठवला आहे. यांनी हिरालालजींसाठी जे सांगितलं ते मी लिहून घेतलंय, तसंच त्यांना वाचून दाखवा. कवळी आधी स्वच्छ धुवायची. ओलसर असतानाच आतल्या बाजूला भुकटी भुरभुरायची, पोह्यांवर वरून मीठ घालतो तेवढीच, आणि उपडी करून जास्तीची झटकून टाकायची. बसवून जरा वेळ दाबून धरायची. रात्री कवळी काढायचीच, पाण्यात ठेवायची, पण पाणी गरम नको, नाहीतर ती वाकडी होते. हिरड्यांवरचा चिकटा ओल्या फडक्याने पुसून कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, भुकटी ही अडीअडचणीला. रोज लागायला लागली तर समजायचं की कवळी सैल झाली आहे, आणि ज्याने केली त्याच्याकडे जायचं. हे तर म्हणाले, "चिकटवून कवळी नीट होत नाही, फक्त सैलपणा झाकला जातो."

तुमचा निरोप सांगितला तेव्हा हे किती दिवसांनी हसले. तुमच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा यांनी अजून दवाखान्याच्या फळीवर ठेवलाय. आल्यागेल्याला दाखवतात, "ही कवळी सहा वर्षांत एकदा परत आली नाही." सध्या थंडीमुळे पेशंट कमी असतात. कंपाउंडर सोडून गेला, तेव्हा प्लास्टर मीच कालवते. फार काही नाही, पण संध्याकाळी कंबर धरते.

संक्रांतीला या ना. तीन वर्षं झाली तुम्ही आमच्याकडे जेवला नाहीत.

चारू

बालाघाट,
२७ जानेवारी १९६७

चि. सौ. चारू,
आशीर्वाद.

संक्रांतीला येणं झालं नाही. थंडी होती. आणि पोटाचं जरा नाजूक आहे, म्हणून सध्या पातळ भात आणि वरणाचं पाणी यावर आहे. काळजीचं काही नाही.

हिरालालचा डबा संपला. पाच आठवड्यांत कसा संपला म्हणशील. माणूस जरा सढळ हाताचा आहे. पण एक गंमत सांगतो. तो डबा उघडून भुकटी ओली केली तर सिरक्याचा वास! मी म्हटलं, हा वास तर आपण तीस वर्षं घेतलाय. अगं, हा आपला कुल्लूचा डिंक! मी बिरस्याला जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात हेडक्लार्क होतो तेव्हा जंगलातली ती पांढऱ्या सालीची झाडं आठवतात का? त्यांचा डिंक पोत्यांनी आमच्या ऑफिसातून जायचा. तोच विलायतेला जातो, भुकटी होऊन रंगीत डब्यातून परत येतो आणि आपण त्याला औषध म्हणतो. कमाल आहे.

मग काय, तिथे डिंक गोळा करणाऱ्या महागूला निरोप धाडला. तो बाजाराला आला तेव्हा पिशवीभर घेऊन आला. आता खलबत्त्यात कुटून, मलमलच्या फडक्यातून गाळून हिरालालची भुकटी घरच्या घरी होते. दुर्गाबाई कुरकुरते, "मालक, मसाला कशात कुटू? सारा खल चिकट करून ठेवला." तिला म्हटलं, मसाला खायला दात आहेत कुणाला?

हे आपलं गमतीने. माझी कवळी ठीक आहे.

नाना

नागपूर,
८ फेब्रुवारी १९६७

ती. नाना,

हे चिडलेत. तुमच्यावर नाही, हिरालालजींवर. म्हणाले, "मास्तरांना सांग, तोंड आहे, लाकूड नाही." जंगलच्या डिंकात सालीचे कण असतात, वाळू असते, फडक्यातून सगळं निघत नाही. ते कवळीखाली हिरडीला दिवसभर घासतं. आणि जाड थर दिला की कवळी एका अंगाला उचलली जाते, चावताना सगळा भार एकाच जागी येतो. तिथे जखम होते. जखम झाली की माणूस आणखी भुकटी घालतो.

कवळी सैल होण्यात करणाऱ्याचा दोष असतोच असं नाही, हेही यांनी सांगायला सांगितलंय. दात गेले की खालचं हाड वर्षावर्षाला झिजतं. कवळी तेवढीच राहते आणि हिरडी लहान होते. त्याला उपाय आहेत. कवळीला आतून नवं अस्तर देता येतं. फारच फरक पडला असेल तर नवी करायची. तोवर थोडे दिवस बिनदाताचं मऊ खाऊन राहिलं तरी कुणी मरत नाही. पण तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरला दाखवायलाच हवी, ती कसली निघेल सांगता येत नाही. हिरालालजींना जखम आहे का, ते विचारून कळवा. हे दोनदा म्हणाले.

निवडणुकीच्या भोंग्यांनी डोकं उठलंय. बाकी तेच.

चारू

बालाघाट,
३ मार्च १९६७

चि. चारू,

कार्डच पाठवतो, जास्त लिहायचं त्राण नाही. हिरालालला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, पटतं. पण ज्याने कवळी केली तो घरचा माणूस आहे, आणि फार चांगला आहे. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं की बाबा, तुझं काम सैल झालं? जखमेचं विचारलं नाही. विसरलो.

नाना

नागपूर,
२९ मार्च १९६७

नाना,

होळीनंतर काल हिरालाल मास्तर आमच्या दारात उभे. पुतणीकडे आले होते, म्हणून भेटायला आले, तुमच्याकडून आवळ्याचं लोणचं घेऊन. मी चहा दिला, पानाचं तबक पुढे केलं. मी अडकित्ता शोधत होते, तोवर त्यांनी अख्खी सुपारी दाढेखाली धरली आणि कडकन फोडली.

मी वेड्यासारखी विचारलं, "मास्तर, कवळीने?"

ते हसायला लागले. "कवळी? मले? अरे बेटी, बत्तीसी पूरी अपनी है!" आणि आ करून दाखवली.

मग मी विचारत गेले आणि ते भाबडेपणाने सांगत गेले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवता. निम्मे झालात. दुर्गाबाई त्यांना म्हणाल्या, "मालकाच्या पंच्याले रगत लागते. मी इचारलं तं म्हणते, जांभळं खाल्ले. आता या दिवसात जांभळं कुठून येऊन राह्यले?"

नाना, मला इतका राग आला की तुमचं लोणचं मी उघडलंसुद्धा नाही. चार महिने तुम्ही मला दुसऱ्याच्या तोंडाचे निरोप पाठवत होतात आणि मी पोह्यावरच्या मिठाचे हिशेब लिहीत होते. जखम कधीपासून आहे? खरं लिहा.

आता माझंही लिहिते. थंडीमुळे पेशंट कमी नाहीत. यांचा हात कापतो. दीड वर्ष झालं. आधी नुसतं सही करताना, आता हत्यार धरतानाही. कंपाउंडर सोडून गेला नाही, त्याला ठेवण्याइतकं कामच उरलं नाही. जुन्या कवळ्या घेऊन लोक परत येतात, त्या आपोआप सैल झालेल्या असल्या तरी यांना वाटतं आपल्याच हाताने बिघडवल्या. दुसऱ्याला समजावतात, हाड झिजतं म्हणून. स्वतःला समजावता येत नाही. संध्याकाळी तुमच्या साच्याकडे बघत बसतात. तेवढी एकच परत आली नाही म्हणतात.

आता मी काय करू? यांना सांगितलं तर तेही जाईल. न सांगितलं तर तुमच्या तोंडात काय वाढतंय ते मला दिसत राहील, इथे बसून. खूप थकले मी, नाना. मी अजून सांगितलेलं नाही.

चारू

बालाघाट,
४ एप्रिल १९६७

चि. चारू,

पकडला गेलो. हिरालालवर रागावू नकोस, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आता कळल्यापासून तो रोज येऊन माझ्यासमोर बसतो आणि माझं जेवण होईपर्यंत उठत नाही. ते जास्त जड जातं.

रामायणही नव्हतं. नोव्हेंबरात हट्टा गावी लग्न होतं, मंगलाष्टकं म्हणायला मला नेलं होतं. शेवटच्या 'सावधान'ला मी सूर लावला आणि खालची कवळी सुटून ओठावर आली. नवरी माझ्याकडे बघत होती. त्यानंतर मला कुठे बोलावलं नाही असं नाही, मीच गेलो नाही. घरातसुद्धा कवळी काढून बसायची लाज वाटायला लागली. झोपतानाही काढत नव्हतो. दुर्गाबाई पहाटे येते, तिने बघू नये म्हणून.

जखम दत्तजयंतीपासून आहे. खाली, डाव्या बाजूला. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी होती, आता वालाएवढी आहे आणि तिच्या कडा जाड झाल्यात. लवंगेचं तेल लावतो. वर डिंक घालतो, वर कवळी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तू म्हणशील, साधं सांगता येत नव्हतं? नव्हतं. मी लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणाऱ्यांच्या घरात वाढलो. आणि जावयाकडून दातांची अख्खी पंगत घेतली! घेतलेल्या वस्तूला नावं ठेवायची, तीही जावयाने आपल्या हाताने केलेली, हे माझ्याच्याने होणार नाही. आता तर तू हाताचं लिहिलंस. मग नाहीच.

गुणाकररावांना काही सांगू नकोस. त्यांचं एक काम तरी परत न आलेलं राहू दे. मी अडुसष्टचा झालो. जे असेल ते असेल. रोज उठून तोंडात ते बसवायचं, रोज हसून ठीक आहे म्हणायचं, याचाच आता वीट आलाय. मला भीती वाटते, हेही खरं. पण तिचाही कंटाळा आलाय.

नाना

नागपूर,
१२ एप्रिल १९६७

ती. नाना यांस,
गुणाकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षर लागलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका, पुन्हा पुन्हा बघा, लागेल. मी स्वतः लिहितो आहे. चार ओळींना अर्धा तास लागतो, पण सोनाराने कान टोचलेले बरे.

तुमचं पत्र तिने मला दाखवलं नाही. माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि आत प्लास्टर कालवायला निघून गेली. पंधरा वर्षांत इतक्या स्पष्टपणे ती माझ्याशी बोलली नव्हती.

तुमची कवळी सैल होणारच होती. सहा वर्षांत कुणाचीही होते, कुणीही केलेली. माझी चूक वेगळी आहे. रस्त्यावरचा माणूस आला तरी मी त्याला म्हणतो, दर वर्षी येऊन तोंड दाखवत जा. तुम्हाला मात्र सहा वर्षं नुसतं विचारत राहिलो, नाना, कवळी कशी आहे? तुम्ही म्हणायचात, उत्तम, आणि मी ऐकून घ्यायचो. सासऱ्यांना आ करा म्हणायचं कसं, हा संकोच. आणि खरं सांगायचं तर 'उत्तम' ऐकायला मला बरं वाटायचं. कवळी बसवल्यानंतर डॉक्टर म्हणून मी तुम्हाला एकदाही तपासलं नाही. जावई म्हणूनच भेटलो.

तो साचा मी आज फळीवरून काढला. तो आहे तसाच राहिला, तुमचा जबडा राहिला नाही. त्याच्याकडे बघत बसण्यात काही अर्थ नव्हता.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. हे वाचताच कवळी काढा. पाण्यात घाला. डिंक, लवंगेचं तेल, काही नाही. लाज वाटली तर तोंडावर पंचा धरा, पण या. रविवारी छोट्या गाडीने गोंदियाला उतरा, मी स्टेशनवर असेन. सोमवारी इथल्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं ठरवलंय. जखमेचा तुकडा काढून तपासायला लागेल. काय निघेल ते मला माहीत नाही आणि मी उगाच धीर देणार नाही. पण तुम्ही आला नाहीत तर मी तिकडे येईन, आणि मग हिरालाल मास्तरांसमोर तुम्हाला आ करायला लावीन.

गुणाकर

नागपूर,
८ मे १९६७

ती. नाना,

तुम्ही इथे तपासायला तुकडा देऊन गेलात, त्याचा रिपोर्ट आज हाती आला. कॅन्सर नाही. घासून घासून झालेली जखमच आहे. डॉक्टर म्हणाले, हेच वर्षभर चालू राहिलं असतं तर असं खात्रीने सांगता आलं नसतं. दर तीन महिन्यांनी दाखवायचंय, ते चुकवायचं नाही.

यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि भर दुपारी जाऊन झोपले. मग मीही दार लावून झोपले. पाच वाजता उठलो तर दोघांनाही कळेना की आज काय वार आहे.

अजून महिनाभर कवळी घालायची नाही. मऊ भात, गुरगुट्या, दुधात भिजवलेली पोळी. दुर्गाबाईंना सांगा, तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसू देऊ नका. जूनमध्ये हिरडी पूर्ण भरली की नवी करू.

चारू

बालाघाट,
१४ जुलै १९६७

प्रिय गुणाकरराव,
अनेक आशीर्वाद.

आजवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलेलं नाही. नेहमी चारूच्या पत्रात तळाला नमस्कार टाकून मोकळा झालो. हे पहिलंच.

जूनमध्ये तुमच्या खुर्चीत बसलो होतो त्याबद्दल लिहायचं आहे. माप घ्यायचं साहित्य तुम्ही हातात घेतलंत आणि हात थांबेना. तुम्ही ते चारूच्या हातात दिलंत, तिचं मनगट धरलंत आणि म्हणालात, "आता डावीकडे, हळू, जीभ वर घ्यायला सांग." माझी लेक माझ्या तोंडात बोटं घालून उभी, तिच्या कपाळावर घाम, आणि तुम्ही मागे उभे राहून बोलताय. मला बोलता येत नव्हतं म्हणून बरं झालं. येत असतं तर मी नक्की काहीतरी छान छान बोललो असतो.

निघताना स्टेशनवर तुम्ही विचारलंत, नाना, कशी बसलीय? मी म्हणालो, फर्स्टक्लास. चारूने माझ्याकडे पाहिलं आणि मी डब्यात चढलो.

ते खोटं होतं, गुणाकरराव. तुम्ही दोघांनी पंधरा दिवस खपून केलेली कवळी चांगली झालेली नाही. उजवीकडे खाली, शेवटच्या दाढेच्या जागी टोचते. चावलं की डावी बाजू उचलते. 'सावधान' म्हणून बघितलं, सुटली. दुर्गाबाईला दाखवली तर म्हणाली, "वाकडी दिसून राह्यली, मालक." डिंक घातलेला नाही. महागू पुन्हा पिशवी घेऊन आला होता, त्याला परत पाठवला.

हे लिहायला मला चार दिवस लागले. तीन कागद फाडले. पण तुम्हाला पुन्हा 'उत्तम' म्हणून फसवायचं नाही असं ठरवलंय. तुमच्या हाताला काय झालंय ते मला माहीत आहे, तरी सांगतो, ही नीट करून द्या.

येत्या गुरुवारी गाडीने येतो. बुधवारी दिवसभर कवळी घालून ठेवीन, म्हणजे टोचल्याची खूण तुम्हाला नीट दिसेल. मुक्काम तुमच्याकडेच, जेवणही. मी आ करून बसतो, तुम्ही बघा.

तुमचे
नाना